दौलतचा डबा

बाबांनी तो पहिला कोट कापायला घेतला आणि कापला नाही, त्या दिवसापासून आमच्या घरातली मागची खोली आमची राहिली नाही.

बाबा शिवणकाम करायचे. नागपुरात सदरच्या एका गल्लीत जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, पण त्यावर बहुतेक वेळा इस्त्रीचे कपडेच बसलेले असायचे. थंडी सुरू व्हायच्या आधी कामठीचे हमीदभाई हातगाडीवर मोठमोठी गाठोडी टाकून यायचे. छावणीतून निघालेला कंडम माल ते लिलावात उचलायचे आणि त्यातले लोकरीचे कोट बाबांना विकायचे. त्या जाड, जड कोटांमधून बाबा लहान मुलांचे कोट आणि कानटोप्या काढत. थंडीत आमच्या वस्तीतली निम्मी पोरं खाकी दिसायची, ती बाबांच्या कात्रीमुळे. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. शाळा सुटली की दुकानात जाऊन काज-बटणं करायची, हे माझं काम. त्या दिवशी बाबांनी एक कोट उलटा केला, उसवायला म्हणून कॉलर उचलली, तर आतल्या पट्टीवर काळ्या शाईत एक नंबर आणि खाली नाव. नावाचा पुढचा भाग पुसला गेला होता, शेवटचं 'राम' तेवढं उरलं होतं. तुकाराम, सखाराम, सीताराम, कोणीही असेल. कात्री हातात तशीच धरून बाबांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"हा कोणाचा तरी हाय," ते म्हणाले.

"सगळेच कोणाचे ना कोणाचे असतात, बाबा."

"हो ना," असं म्हणून त्यांनी कात्री खाली ठेवली. नंतर गाठोड्यातला एकेक कोट काढून त्यांनी आधी कॉलरी उलटून पाहिल्या. नाव नसलेले कोट कापले गेले, नाव असलेले तीन घरी आले.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या आणि तिसरी मागची, पत्र्याची. पहाटे बुद्धविहारातली वंदना ऐकू यायची, मग इटारसीकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि उन्हं वर आली की बाजारात पापडवाल्यांची हाकाटी. आईच्या चुलीवर सकाळी भाकरी आणि संध्याकाळीही भाकरीच. सोबत लाखोळीच्या डाळीचं वरण, कधी चून म्हणजे बेसनाचं पिठलं, कधी आंबाडीची भाजी, आणि रविवारी जमलं तर झणझणीत तर्रीचं मटण, ते आम्ही घाम पुसत पुसत खायचो. त्या पत्र्याच्या खोलीत आईची लाकडं, कांदे आणि धान्याचं पिंप असायचं. दोन वर्षांत लाकडं अंगणात गेली, पिंप स्वयंपाकघरात आलं आणि खोलीत दोऱ्या बांधून कोट टांगले गेले. कोटांपाठोपाठ इतर वस्तू आल्या. नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचं, कव्हर असलेली पाण्याची बाटली, पायाला गुंडाळायच्या लांब लोकरी पट्ट्या, खिळे ठोकलेले बूट, पितळी बिल्ले, एक फुटका आरसा, एका शिपायाची सुईदोऱ्याची कापडी गुंडाळी. हमीदभाई या वस्तूंचे पैसेच घेत नसत. "ये तो मैं वैसे भी फेंकने वाला था, मास्टर," असं म्हणून ते बाबांच्या हाती पिशवी ठेवत आणि चहा पिऊन निघून जात.

आई चिडायची. डांबरगोळ्यांचा वास भाताला लागतो म्हणायची. दर शनिवारी बाबा सगळे कोट अंगणात उन्हात टाकत, कडुनिंबाचा पाला झटकत, नवा पाला खिशांत भरत. शेजारच्या बाया हसायच्या. "काहून वं, आज पलटन आली का तुह्या घरी?" असं आईला विचारायच्या. आई वरवर त्यांच्यात सामील होऊन हसायची, पण उन्हात पसरलेल्या त्या कोटांवर कोणाचं पोर पाय देऊन गेलं तर तिच्याच आवाजाला धार यायची.

आज लोक याला छंद म्हणतात, संग्रह म्हणतात. माझी नात तर मोबाइलवर फोटो काढून 'व्हिंटेज' असं काहीतरी लिहिते. बाबांना यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी मला एकदाच कारण सांगितलं होतं, तेही मशीनवरून मान न उचलता. "माह्या आज्यानं समुद्र पाह्यला होता, मंदे. पलटणीत होता ना. आपल्या अख्ख्या वस्तीत तवा समुद्र पाह्यलेला माणूस नव्हता. अन् त्याचं काय उरलं? एक बटणसुद्धा नाही. बायकोनं कोटाचं पोतेरं केलं. तिची काही चूक नाही. घरात दुसरं कापड नव्हतं."

माझ्याकडे एक काम होतं. शंभर पानी वहीत प्रत्येक वस्तूवरचा नंबर आणि नाव लिहून घ्यायचं. पितळेवर घासून गेलेली अक्षरं दिसत नसत, तेव्हा कागद वर ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची, की कागदावर हळूहळू नंबर उमटत यायचा. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कोणीतरी, कुठल्यातरी तंबूत, आपलं नाव हरवू नये म्हणून ठोकून ठेवलं होतं, आणि ते आता जरीपटक्याच्या एका पोरीच्या वहीत येत होतं. त्या खोलीत मी एकटी असले की मोठ्याने बोलत नसे. चपला आपोआप बाहेर काढल्या जायच्या.

हवालदारबाबा आमच्या आयुष्यात आले ते एका फाटक्या बाहीमुळे. ते सदरमध्ये एका पेढीवर चौकीदार होते. हवालदार ते कधीच नव्हते, पलटणीत साधे शिपाई होते, पण चौकीदाराचा कमरपट्टा आणि मिशा पाहून लोकांनीच त्यांना बढती दिली होती. खरं नाव बकाराम. बाही शिवून देताना बाबांनी सहज विचारलं, कोट जुन्या पलटणीचा दिसतो जी, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांना त्याच रविवारी घरी घेऊन आले. हवालदारबाबा मागच्या खोलीच्या दारात थांबले. आम्हाला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी एकेक वस्तू नीट निरखली आणि म्हणाले, "मास्टर, पट्ट्या उलट्या गुंडाळल्या तुम्ही. पायदळाची पट्टी खालून वर जाते. वरून खाली गुंडाळते थो घोडेस्वार."

तेव्हापासून ते दर रविवारी येऊ लागले. नमद्याची बाटली का असते हे त्यांनी सांगितलं. बाहेरून नमदा भिजवायचा, मग वैशाखातही आतलं पाणी गार राहतं. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात हे मी स्वतः करून पाहिलं, आणि खरंच राहिलं. सुईदोऱ्याची गुंडाळी पाहून ते बाबांना म्हणाले, "पलटणीत परतेक जण तुमच्याच जातीचा, मास्टर. ज्याचं बटण त्यानंच लावाचं." बाबा इतके खूश झाले की त्यांनी आईला पुन्हा चहा टाकायला लावला. एका कोटाच्या छातीवर भोक होतं. मी कित्येक महिने त्या भोकाकडे बघून गप्प होत असे. एकदा धीर करून विचारलं, "हवालदारबाबा, ही गोळी लागली का जी?" त्यांनी करंगळी त्या भोकात घातली, बाहेर काढली. "नाही बेटा. ही कसर लागली." त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यात जास्त हसणारी माझी आई होती.

पण स्वतः कुठे होते, काय पाहिलं, हे ते सांगत नसत. "बेट होतं एक. समुद्राच्या पलीकडं." एवढंच. आणि विषय बदलायचे. जेवायला बसले की शेवटचं शीतदेखील बोटाने टिपून खायचे. आई म्हणायची, या माणसाच्या ताटाले घासायची गरजच नाही.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकती लागली होती. रविवार नसतानाही हवालदारबाबा दुपारी घरी आले, ड्यूटीच्या कपड्यांतच. दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. बाबा त्या दिवशी ताप म्हणून घरीच होते. हवालदारबाबांनी दुपट्टा सोडला आणि जमिनीवर ॲल्युमिनियमचा एक चौकोनी डबा ठेवला. फौजी जेवणाचा डबा, एकात एक बसणारे दोन भाग, दुमडणारी मूठ. बूड काजळून काळंकुट्ट झालेलं.

"हा तुमच्या खोलीत ठेवा, मास्टर. माह्या सुनेनं आज मोडीवाल्याले बोलावलं होतं. पाटीत टाकला होता त्यानं. मी पाह्यलं म्हणून."

बाबांनी डबा उचलून दाराच्या उजेडात नेला, झाकणाचा भाग वेगळा केला आणि माझ्याकडे दिला. आतल्या बाजूला बारीक बारीक अक्षरं होती. खिळ्याने कोरलेली, देवनागरी, शाळेतल्या मुलासारखी नीट, ओळीखाली ओळ. मला आधी वाटलं नाव-गाव असेल. मी वाचायला लागले.

"चून भाकर. आंबाडीची भाजी. लाखोळीचं वरण, वरून तेल. कढी गोळे. वांग्याची भाजी. पानगे. सुकट. मायच्या हातचं चून. आंब्याचा रस, शेवया. पोपटीच्या शेंगा उकडून. मायच्या हातचं चून..."

मी थांबले. बाबांकडे पाहिलं. बाबा हवालदारबाबांकडे पाहत होते.

"वाच ना, बेटा," हवालदारबाबा म्हणाले. "मले पाठ हाय. पण बहू दिवस झाले, कोणाच्या तोंडून आयकलं नाही."

मी सगळं वाचलं. दोन्ही भागांच्या आतल्या बाजू भरल्या होत्या, कडेपर्यंत. शेवटची ओळ होती 'जवसाची च'. त्याच्यापुढे काही नव्हतं.

मग हवालदारबाबा बोलले. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते, भिंतीला टेकून, डोळे डब्यावर ठेवून. जपानी फौजेच्या कैदेत ते त्या बेटावर होते. त्यांच्या शेजारी दौलत नावाचा एक शिपाई झोपायचा. कन्हानच्या पलीकडच्या एका गावचा, चौथी शिकलेला. बाकीचे सगळे अंगठेबहाद्दर. दिवसाला मूठभर भात मिळायचा, कधी तोही नाही. "थो रोज एक जेवण कोरे. खिळा होता त्याच्यापाशी. संध्याकाळी आम्ही सातआठ जण जमायचो अन् थो वाचायचा. मग ज्याच्या घरी थे कसं करते, थे त्यानं सांगाचं. मास्टर, जवसात लसूण आधी टाकाचा का मागून, याच्यावर दोन जण भांडले. उभं राहाची ताकद नव्हती अंगात. अन् लसणावर भांडले." ते हसायला लागले आणि ते हसू वाकडं होत गेलं. "शेवटी शेवटी त्याच्या हातात खिळा राहे ना. तरी वाच म्हटलं का वाचायचा. एक दिवस सकाळी उठवाले गेलो, उठला नाही. त्यानं मले म्हणून ठेवलं होतं, हा डबा मायले दे."

"मग?" बाबांनी विचारलं.

"देशात आलो. आठ दिवसांनी तिच्या दारात गेलो. डबा पिशवीत होता. मायनं कसा मेला नाही विचारलं, कुठं पुरला नाही विचारलं. एकच विचारलं. खाऊन-पिऊन होता ना गा माहा लेक? मी म्हटलं, हो माय. दवाखान्यात होता, तापानं गेला. पोटभर जेवून गेला." हवालदारबाबांनी दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं होतं. "आता सांगा, मास्टर. असं म्हटल्यावर पिशवीतून हा डबा कसा काढू मी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली, कोणालाच कळलं नव्हतं.

तो डबा दहा-बारा दिवस आमच्या घरी होता. बाबांनी तो काचेच्या छोट्या कपाटात ठेवला. ते कपाट त्यांनी बिल्ल्यांसाठी बनवून घेतलं होतं. बिल्ले काढून एका बशीत टाकले आणि सगळं कपाट डब्याला दिलं. दुकानातून आल्यावर हातपाय न धुता ते आधी तिकडे जात, झाकण हातात घेत, उजेडाकडे तिरकं धरत. मी त्यांना कुठल्याच वस्तूसमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला कळत नव्हतं. आता कळतं. तो सगळा पसारा गेली कित्येक वर्षं मी सांभाळते आहे, आणि अशी वस्तू हाती आल्यावर ती पुन्हा सोडणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. तिच्यासमोर आपण लहान होतो आणि त्या लहान होण्याचीच आपल्याला चटक लागते. बाबा शिवणकाम करणारे, कर्तव्य वगैरे शब्द न वापरणारे गृहस्थ होते. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नव्हते. मशीनवर एक पायजमा त्यांनी उलटा शिवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

रविवारी हवालदारबाबा आले. बाबांनी त्यांना बसूही दिलं नाही.

"दौलतच्या घरचं कोणी हाय का आता?"

"माय गेली. बहीण हाय, पार्बता. लग्न होऊन गावातच राहिली."

"मग हा डबा माह्याजवळ राहू शकत नाही."

हवालदारबाबांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "मास्टर, मी तुम्हाले ठेवाले दिला. वाटाले नाही दिला."

"बाकीच्यांची घरं मले माहीत नाही, म्हणून थे माह्या खोलीत हायेत. याचं घर माहीत हाय."

"मी खोटा पडीन ना!"

"पडा."

बाहेर अंगणात शनिवारचा एक कोट दोरीवर राहून गेला होता, त्याची बटणं वाऱ्याने भिंतीवर वाजत होती. मग आई पुढे आली. हवालदारबाबांच्या समोर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "दादा, इतके वर्षं तुम्ही एकट्यानं वागवलं थे. आता त्याच्या बहिणीले थोडं वागवू द्या. तिचाही भाऊ होता." हवालदारबाबांनी मान खाली घातली. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पोट्टी संग येईन तर येतो. मले वाचता येत नाही. माह्या तोंडून थे निघणार नाही."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एसटीने निघालो. हवालदारबाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला तेल, वर काळी टोपी. कामठीची छावणी गेली, कन्हानचा पूल आला. खाली पाणी थोडं आणि वाळू फार. डबा माझ्या मांडीवर होता, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी धरत होते. माझ्या मांडीवर सातआठ माणसांचं जेवण होतं, आणि त्यातला एकच माणूस पलीकडच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता. बाकीचे सगळे त्या बेटावर राहिले होते. बसमध्ये कोणीतरी संत्री सोलत होतं, कोणाची कोंबडी ओरडत होती, कंडक्टर सुट्ट्यांवरून वाद घालत होता. मला वाटत होतं, यांना कोणालाच माहीत नाही.

पार्बताबाई अंगणात सुपाने तूर पाखडत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. त्यांनी मान वर केली, हवालदारबाबांकडे पाहिलं आणि सूप तसंच हातात राहिलं.

"तुम्ही थेच ना जी? दौलतभाऊच्या संगचे?"

हवालदारबाबांनी टोपी काढली. त्यांनी बसभर काय काय ठरवलं असेल कोण जाणे, त्यातलं काहीच बोलले नाहीत. "बाई, मी तुमच्या मायसंग खोटं बोललो," एवढं एका दमात म्हणाले. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मूठभर भात, खिळा, संध्याकाळचं वाचन, ती सकाळ. पार्बताबाई तुरीत हात घालून ऐकत होत्या. बाबांनी माझा खांदा धरला होता आणि ते किती घट्ट धरून आहेत हे त्यांना कळत नव्हतं.

"मायले माहीत होतं," पार्बताबाई म्हणाल्या.

हवालदारबाबांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. ते तसेच उभे होते.

"तुम्ही गेले अन् माय म्हणे, पोरगं खोटं बोललं. त्याचं मनगट पाह्यलं का वं पार्बते, म्हणे. ज्याच्या मनगटाची अशी काडी झाली, त्याचा सोबती पोटभर कसा जेवल? पण माह्यासाठी बोलला बिचारा, म्हणे. तिनं तुमच्यावर राग नाही धरला जी. तिच्या मनाले एकच गोष्ट लागली. तुम्ही पाणीही न पिता गेले. मरेपर्यंत म्हणत होती, पोरगं उपाशी दारात आलं होतं अन् मी माह्याच दुःखात, त्याले भाकरही विचारली नाही."

हवालदारबाबा खाली बसले. ओसरीवर नाही, तिथेच मातीत, तुरीच्या टरफलांवर. ते रडले नाहीत. दोन्ही हात पुढे करून आपल्या मनगटांकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

पार्बताबाईंनी बाबांना ओसरीवर बसवलं आणि मला जवळ बोलावलं. "वाच वं पोरी. काय लिव्हलं माह्या भावानं?" मी वाचू लागले. चून भाकर म्हटलं की त्या मान हलवायच्या, कढी गोळे म्हटलं की "हो, हो" म्हणायच्या. मी "वांग्याची भाजी" म्हटलं आणि त्यांनी मला थांबवलं.

"वांगं? थो तर वांग्याले हात लावत नव्हता. खाज सुटे त्याले."

मातीत बसलेले हवालदारबाबा म्हणाले, "थे माहं हाय, बाई. मी लिहाले लावलं होतं. सुकट रामटेकच्या एका पोराचं. सगळ्यांचं लिव्हलं त्यानं."

पार्बताबाई हसल्या, मोठ्याने हसल्या, पदर तोंडाला लावला, आणि मग कितीतरी वेळ त्यांनी पदर बाजूला केलाच नाही. मी शेवटच्या ओळीपाशी आले. "जवसाची च," एवढं वाचलं आणि गप्प झाले. पदराआडून आवाज आला, "चटणी."

त्यानंतर त्या उठल्या, माझ्या हातातून डबा घेतला आणि मोरीच्या दगडाकडे गेल्या. शेजारच्या खापरातून त्यांनी मूठभर राख घेतली. बाबा अर्धे उठले. त्यांच्या तोंडून "बाई..." एवढंच निघालं. मला कळलं त्यांना काय भीती वाटली ती. राखेने घासलं तर ती बारीक अक्षरं किती राहतील? पार्बताबाईंनी मागे वळून पाहिलं. बाबांनी तोंड मिटलं आणि खाली बसले, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. माझ्या बाबांना मी आयुष्यात पुष्कळ वेळा अभिमानाने पाहिलं, पण सगळ्यात जास्त त्या क्षणी, हातांवर बसलेले असताना. पार्बताबाईंनी बाहेरचं काजळ राखेने घासून काढलं, बूड पांढरं होईपर्यंत. आतल्या बाजूला मात्र राख लावली नाही. ओंजळीने पाणी घेतलं आणि तळहाताने पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं.

मग त्यांनी चूल पेटवली. आम्हाला नाही म्हणायची सोयच नव्हती. चून शिजलं, ज्वारीच्या भाकरी तव्यावर फुगल्या, गाडग्यातून जवसाची चटणी काढून तिच्यावर तेलाची धार पडली. मला आणि बाबांना पितळी ताटल्या आल्या. हवालदारबाबांसमोर त्यांनी डब्याचा खोलगट भाग ठेवला, त्यात चून ओतलं, झाकणात भाकर आणि चटणी. गरम चुनाखाली अक्षरं एकेक करून दिसेनाशी झाली.

"खा जी," त्या म्हणाल्या. "मायचं राहून गेलं होतं."

हवालदारबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास बराच वेळ त्यांच्या तोंडात होता. मग ते खाऊ लागले, हळूहळू, मान खाली घालून, आणि पार्बताबाई समोर बसून त्यांना वाढत राहिल्या. संपलं की पुन्हा, संपलं की पुन्हा. मी आजवर पुष्कळ विहारांत, मंदिरांत, मोठमोठ्या सभांत बसले आहे. त्या अंगणासारखी शांतता मला पुन्हा भेटली नाही.

निघताना पार्बताबाईंनी डबा बाबांना दाखवून विचारलं, "तुम्हाले पाहिजे होता का जी?" बाबांनी मान हलवली. "माह्याजवळ बहू हायेत," म्हणाले. हे तितकंसं खरं नव्हतं, तसा दुसरा एकही नव्हता. डबा तिथेच राहिला. पुढे माझ्या लग्नानंतर मी एकदा त्या गावी गेले, तेव्हा पार्बताबाई थकल्या होत्या, पण डबा चुलीशेजारच्या फळीवर होता आणि त्यात त्या मीठ ठेवत होत्या. अक्षरं होती अजून. मिठाने थोडी खाल्लेली, पण होती.

परतीच्या एसटीत गर्दी होती. तिघांना दोघांच्या सीटवर बसावं लागलं. ऊन उतरलं होतं, शेतांवरून कापसाच्या गाड्या गावांकडे परतत होत्या. कन्हानचा पूल यायच्या आधीच हवालदारबाबांना झोप लागली. टोपी घसरून मांडीवर पडली, डोकं बाबांच्या खांद्यावर आलं, तोंड उघडं राहिलं. म्हाताऱ्या माणसाची नव्हे, पोट भरलेल्या माणसाची झोप होती ती. बसला धक्के बसत होते, मधल्या थांब्यांवर लोक चढत-उतरत होते, एका बाईची टोपली बाबांच्या गुडघ्याला लागत होती. मी म्हटलं, "बाबा, खांदा दुखत असंल तर इकडे सरकवा त्यायले." बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. नागपूर येईपर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.